गवताचा भारा आणि सायकलची घंटी

कोरेगाव, शनिवार सकाळ

प्रिय सुमैरा,

परवा तू तासगावहून फोनवर म्हणालीस, द्राक्षांची छाटणी उरकली की येते, तुझी ती डोंगरातली सायकल मलाही चालवू दे. मी नुसतं ‘ये’ म्हणून फोन ठेवला. तुला ते तुटक वाटलं असेल. कारण सांगायला वेळ लागेल, म्हणून लिहितेय.

एकसष्टाव्या वर्षी लेकाने, जयराजने, जाड टायरची सायकल आणून दिली, तेव्हा सूनबाई तोंडावर पदर धरून हसली होती. पण पहिल्याच उतारावर कानात वारा शिरला आणि मी पाचगणीच्या आपल्या शाळेत पोचले. आठवतं, रविवारी भाड्याच्या सायकली घेऊन आपण पठाराच्या कडेपर्यंत जायचो? सिस्टर लांबून हात हलवून परत बोलवायच्या, आणि आपण त्यांना तसाच हात हलवून दाखवायचो.

इथे माझी गुरू अंकिता. हायस्कूलमध्ये खेळ शिकवते, वयाने माझ्या निम्मीही नाही. आठ मुलींना घेऊन आमच्या गावामागच्या डोंगरवाटेवर येते. तिची शिस्त कडक. गुरं अडवायला वाटेवर लावलेली काट्याची फांदी काढली तर परत जागेवर लावायची, गवतातून नवी वाट पाडायची नाही, चिखल असेल त्या दिवशी सायकल घरी. मलाही सोडत नाही. “मावशी, ब्रेक दाबून माती खरवडू नका, पुढच्या पावसात तिथंच ओहळ पडतोय.”

सोमवारी ग्रामसभेत या वाटेवर सायकली बंद करायचा ठराव येतोय. दहा दिवसांपूर्वी शेजारच्या भामाबाई गवताचा भारा घेऊन उतरत होत्या. सायकलमुळे पडल्या आणि घोट्याजवळचं हाड मोडलं. गावाने ठरवून टाकलं की हे अंकिताच्या मुलींचंच काम. सरपंच जोतीराम चौकात म्हणाले, “डोंगर काय सर्कस हाय व्हय?” एका मुलीच्या वडिलांनी तिच्या सायकलला कुलूप घातलंय. दोघी जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार होत्या. अंकिताने एकेकीला बाजूला घेऊन विचारलं, आणि सगळ्या नाही म्हणाल्या.

भामाबाईंचा पाय प्लास्टरमध्ये, पण म्हशीची भूक थांबत नाही. म्हणून गवत आणायला मी जाते. पहिल्या दिवशी भारा डोक्यावर घेतला तेव्हा मानेत कळ आली. तशातच मागून कुणीतरी सहज हाक मारली. सुमैरा, डोक्यावर भारा असला की मान वळत नाही. अख्खं अंग वळवावं लागतं, आणि पायवाट तर वीतभर. मी कशीबशी सावरले आणि तिथेच भारा टाकून बसले. कारण तेव्हा मला कळलं, मी काय केलं होतं.

घंटी मी वाजवली होती. मागून जाताना आधी घंटी वाजवावी, हीच आपल्याला शिकवलेली सभ्यता. वेगही कमी केला होता. भामाबाई मला वाट द्यायला वळल्या आणि सुट्या दगडांवरून त्यांचा पाय सरकला. माझी सायकल त्यांना लागलीसुद्धा नाही, आणि त्या ‘लागली नाही’च्या आडोशाला मी दहा दिवस बसलेय.

दवाखान्यात मी तोंड उघडायच्या आधीच त्या लेकाला म्हणाल्या, “कोण परगावची हुती, गेली निघून. ह्या वैनी हुत्या म्हणून वाचले.” नंतर मला हळूच म्हणाल्या, “गप ऱ्हावा. कळलं तर सायकल काढून घेत्याल आन् घरात बसवत्याल तुमाला. माझं हाड काय, जुळतंय.” त्यांना कुठे ठाऊक होतं की परगावचं कुणी सापडलं नाही म्हणून आळ मुलींवर जाईल. मला मात्र दुसऱ्याच दिवशी ठाऊक झालं. तरी लोक ‘देवासारख्या धावलात’ म्हणत चहा देत होते, आणि मी तो पीत होते.

काल त्यांना सांगितलं, मी सभेत बोलणार. त्या रागावल्या. “मंग मला खोटारडी ठरवणार व्हय?” मी म्हटलं, तुम्ही मला वाचवलंत हेही सांगेन. त्यांनी प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. मग म्हणाल्या, “आदी म्हशीला पाणी दावा. मग काय ती सभा करा.”

तर सोमवारी अकरा वाजता मी उभी राहणार आहे. पडायला कारण मी, मुलींची वाट बंद करू नका, आणि एकच नियम लिहून घ्या: डोक्यावर ओझं असलेलं माणूस दिसलं की सायकलवाल्याने लांबूनच उतरायचं, उताराच्या बाजूला उभं राहायचं आणि ते माणूस पुढे जाईपर्यंत हलायचं नाही. जयराज सायकल नेईल कदाचित. नेऊ दे. तू येशील तेव्हा आपण चालत जाऊ.

हे फोनवर सांगितलं असतं, तर तू माझी समजूत घातली असतीस आणि मी ती घालून घेतली असती. म्हणून पत्र. आत्ता लगेच पेटीत टाकून येते. एकदा आत पडलं की तुझ्यापासून ते लपणार नाही, आणि सोमवारी गप्प बसून मला तुझ्याकडे बघता येणार नाही.

तुझीच,
राणी