दोन्ही सरकारांत हयात

कडा, १२ जानेवारी १९३२
आज इथली, निजामाची तहसील. दादा — माझे थोरले बंधू विठ्ठलराव — जाऊन आठ महिने झाले, पण मयतीची नोंद नाही. नोंद नाही म्हणून वारसाचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून त्यांच्या नगरच्या घरातला भाडेकरू रुक्मिणीवहिनीला दार उघडत नाही. इथं चुलतभाऊ सुंदररावानं तिला पाडव्यापर्यंतच खोली दिली आहे.

मृत्युपत्र मीच लिहवून घेतलं होतं. दोन साक्षी, पानोपानी सही. मरायचं कुठं, एवढं कलम राहिलं.

पेशकार म्हणाला, "बाईसाहेब, मौत इंग्रजी मुलखात झाली. आमच्या दप्तरात कशी चढवू?"

१९ जानेवारी
सरहद्दीपलीकडची इंग्रजी कचेरी. कारकून मान वर न करता — "मोगलाईतला माणूस मोगलाईतच मेला असणार. तिकडचा दाखला आणा."

परतताना करोडगिरीच्या नाक्यावर नाकेदारानं नेसत्या साडीवर जकात मागितली. मी नुसतं पाहिलं. नको म्हणाला.

२ फेब्रुवारी
गाडीवान हरिबाला गाठलं. दादांना नगरच्या दवाखान्याकडे तोच घेऊन निघाला होता, वहिनी सोबत होती.

"नाक्याच्या अल्याड लिंबापाशी पानी मागितलं बगा. नाका वलांडून हाक मारली तर बोलंनात. अंगावर कांबळं घातलं, तितूनच गाडी फिरवली. मधी कवा गेले, म्या कसं सांगू? म्या बैलाकडं बघत हुतो."

"आणि वहिनी?"

"त्यांनी तोंडावर पदर घेतलता. लई धूळ हुती."

९ फेब्रुवारी
नाक्याची वही पाहिली. त्या दिवशीची परतीची नोंद: "इसम तीन, माल नाही." म्हणजे नाकेदारानं कांबळं वर करून दादांना पाहिलं, आणि इसमांत मोजलं!

२६ फेब्रुवारी
इकडे एक वकील, तिकडे एक. इकडचा स्टँप निजामाच्या हाली रुपयांत, तिकडचा इंग्रजी कलदार रुपयांत. वहिनीच्या पाटल्या गेल्या. दोन्ही वकिलांचं एकाच गोष्टीवर एकमत — प्रकरण चांगलं आहे.

१५ मार्च
दोन्हीकडे लेखी उत्तर मागितलं होतं. आलं. एक उर्दूत, एक इंग्रजीत, दोन्ही शिक्क्यानिशी — सदर इसम मयत असल्याची या कचेरीत नोंद नाही.

वहिनीला वाचून दाखवलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"म्हणजे सरकारच्या मतानं मी सवाष्ण?"

"दोन्ही सरकारांच्या."

"मग वन्सं, वारसाचा कागद लागतोच कशाला?"

पुण्याला कॉलेजात मी दोन वर्षं तर्कशास्त्र शिकले. ही शाळेतही गेली नाही.

४ एप्रिल
नगर. वहिनीनं कुंकू लावलं, हातांत काचेच्या बांगड्या भरल्या. मी कागद घेतले.

भाडेकरू पंचाक्षरीअप्पा उंबऱ्यातूनच म्हणाला, "मालक गेले. वारसाचा कागद दाखवा."

"कोण म्हणतं गेले?" मी दोन्ही शिक्के त्याच्यासमोर धरले. "या त्यांच्या पत्नी. घर रिकामं करा, मालकांचा निरोप आहे."

जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले. मात्र सही-शिक्क्याचं.

अप्पा कागदांवरून नजर फिरवून वहिनीच्या कपाळाकडे बघत राहिला. मृत्युपत्राला त्यानं अकरा महिने दाद दिली नव्हती. कपाळाशी वाद घालवेना. संध्याकाळपर्यंत दोन गाड्या भरून गेला.

१० एप्रिल
शेजारणी चैत्राच्या हळदीकुंकवाला बोलावून गेल्या. वहिनी आरशापुढे करंडा उघडून बसली होती.

"वन्सं, महिन्यावर वर्षश्राद्ध आलं. या घरात त्यांचं पान कसं वाढायचं?"