कोंबड्यांना कोण बघणार

२१ जुलै, सोमवार
दहा सीटं चढली. कोलाडहून पुठ्ठ्याच्या खोक्यातून मांडीवर घेऊन आलो. एका दिवसाची पिल्लं, बॉयलरची. गावठी हवी होती, पण गावठीला पाच महिने लागतात आणि मला आठवलं जुलैत. ही बेचाळीस दिवसांत तयार. बोटं मोजली. १ सप्टेंबर, गौरीपूजन. बरोब्बर.
आमच्या गौरीला तिखटाचा नैवेद्य, तोही घरच्या कोंबडीचा. दुकानातली आमच्या हिने कधी चालवून घेतली नाही. ही गेल्यावर मागच्या वर्षी सण नव्हताच. यंदा गौर आणायची आणि मीनाला जेवायला बोलवायचं. पोटची लेक, पेणला दिलेली, इथून वरश्याहून एसटीने दीड तास. चौदा महिन्यांत तिचा पाय या घराला लागलेला नाही.

२२ जुलै
शेजारचे यासीनभाई येऊन बघून गेले. "पयला गुळाचा पानी दे, दाना मागून. नि बल्ब जरा खाली घे, गारठतील." त्यांनी जन्मभर कोंबड्या पाळल्या. आता मुलगा दुबईत, बायको मुलीकडे पनवेलला, घरात एकटेच. मला अजून कंडक्टर म्हणूनच हाक मारतात. एसटीतून रिटायर होऊन आठ वर्षं झाली.

२५ जुलै
दुपारपासून लाईट नाही. पाऊस धो धो. पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून ओरडतायत. हिची गरम पाण्याची रबरी पिशवी आठवली, गुडघ्याला लावायची ती. कपाटात तिच्या जागेवरच होती. पाणी भरून फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवली. सगळी तिला चिकटून बसली.
एक गेलं. नऊ.
श्रावण लागला. घरात अंडंसुद्धा नाही आणि मागे नऊ कोंबड्या. ही असती तर हसली असती.

३ ऑगस्ट
पिसं फुटायला लागली. आता ती दिसायला वाईट, धड पिल्लं नाहीत धड कोंबड्या नाहीत. तूस बदललं. वास घरभर. मला काही वाटत नाही, येतंय कोण वास घ्यायला.
संध्याकाळी डोकी मोजतो. सवय. मोजून झाली की बेल मारल्यासारखं वाटतं, पण गाडी सुटत नाही.

१० ऑगस्ट
पेणला फोन केला. जावईबापूंनी घेतला. कारखान्यात गणपतींच्या रंगकामाची घाई. "तिचे हात रंगात आहेत बाबा." म्हटलं, गौरीच्या जेवणाला पाठवा तिला. घरच्या कोंबड्या पाळल्यायत मुद्दाम.
"कोंबड्या?" ते म्हणाले. मग "सांगतो."
फोन ठेवल्यावर कळलं काय बोललो ते. नको ती गोष्ट नेमकी तिच्या कानावर घातली.

११ ऑगस्ट
लिहूनच टाकतो. लिहायचं टाळून वर्ष काढलं.
हिला पेणला मीनाकडे राहायला जायचं होतं. आठ दिवस. जास्त नाही. तीन वर्षं म्हणत होती. मी म्हणायचो, कोंबड्यांना कोण बघणार? दर वेळी तेच. खरं म्हणजे मला सकाळचा चहा आणि दोन वेळची भाकरी हवी होती. कोंबड्या सांगायला बऱ्या पडत.
मग हिचं दुखणं आलं आणि सतरा दिवसांत संपलं. बाराव्याला मीना सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, आईला आठ दिवस पाठवलं नाहीत." मी काय बोललो? "कोंबड्यांना कोण बघणार होतं?" तेव्हाही तेच. तोंडातून सवयीने निघालं. ती उठली, पिशवी घेतली आणि गेली. महिनाभरात मी सगळ्या कोंबड्या देऊन टाकल्या.

१४ ऑगस्ट
आणखी एक. रोहा–पेण फेरी मी नोकरीची बावीस वर्षं केली. मीनाचं लग्न झाल्यावर पेणच्या स्टँडवर ती यायची, हिने दिलेली अंडी मी तिच्या हातात द्यायचो, पाच मिनिटं बोलायचो, आणि गाडी फिरवून परत. लेक मला रोज दिसायची. गाडी आमच्या दारावरून जायची, पास होता, आणि हिला मी कधी म्हटलं नाही, बस गं, आज चल.

१९ ऑगस्ट
यासीनभाईंशी बोलताना विषय निघाला. मीच काढला. म्हटलं, हिला पाठवायचं होतं पण कोंबड्या होत्या.
ते बघतच राहिले. "येवढाच? अरे, मना सांगितला असतास तर बगितल्या असत्या. गावठी कोंबडीला काय बगायचा असता? सकाली दार उघडायचा, सांजचा लावायचा. भाबीला सोडायचीस की."
घरी आलो. जेवलो नाही.

२४ ऑगस्ट
पेणचा टेम्पो आला. आमचा गणपती, नेहमीचा, वीतभर. दरवर्षी जावईबापूंकडूनच येतो. यंदा येईल असं वाटलं नव्हतं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. पण मूर्ती ज्यात गुंडाळली होती ते फडकं उघडलं आणि ओळखलं. हिचं हिरवं लुगडं. मीनाने नेलं होतं ते. धुवून, घडीवर घडी घालून.
हे बरं की वाईट, कळत नाही.

२९ ऑगस्ट
एक कोंबडी दाण्याच्या भांड्याशी उताणी पडून गेली. आजार काही नाही. "वजन झाला, काळीज नाय पेललं," यासीनभाई म्हणाले. "या जातीला थांबता येत नाय कंडक्टर. दिस भरले की भरले." आठ उरल्या. उठून चार पावलं चालतात, बसतात. गावठी कोंबडी भिंतीवर उडून बसायची. ह्यांना पंख असल्याचं माहीत नाही.
पेणहून काही नाही.

३१ ऑगस्ट
गौर आली. पलीकडच्या घरातली सून तेरडा घेऊन आली, घरभर पावलं काढली, हळदकुंकू लावलं. मी मागे मागे फिरत होतो. कुठल्या खोलीत काय म्हणायचं ते हिला पाठ होतं. सून विचारते, "काका, गौरीला काय दाखवू?" म्हटलं, आहे ते सगळं दाखव. दोन खोल्या आणि मी.

१ सप्टेंबर, सोमवार
सकाळी यासीनभाई सुरी घेऊन आले, दोन कापून दिल्या. आमच्याकडे कापायला तेच, म्हणजे त्यांनाही जेवता येतं. हिच्या वेळेपासूनची पद्धत.
वाटण केलं. खोबरं जरा जास्त भाजलं. वडे फुगले नाहीत, पण वडे म्हणता येतील.
दारात खुर्ची टाकून बसलो. साडेदहाची गाडी गेली. बाराची गेली. दीडची गेली. उतरणारी माणसं बघितली, सगळी.
मग नैवेद्य. गणपतीला तिखटाचं दिसायला नको, म्हणून मध्ये पडदा धरायचा. दरवर्षी मी धरायचो, ही ताट ठेवायची. एकट्याने कसं करायचं? हिचं लुगडं खिळ्याला आणि फ्रीजच्या हँडलला बांधलं. ते सारखं सुटे. ताट वाढून न्यायचा धीर राहिला नाही, टोपच उचलून गौरीपुढे ठेवला आणि हात जोडले.
पाच मिनिटांनी लक्षात आलं. यासीनभाईंचा डबा.
नैवेद्याचं त्यांना चालत नाही. ही चूल बंद केल्याबरोबर पहिला त्यांचा डबा काढायची, मग नैवेद्य. चाळीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. मी पूर्ण टोपच दाखवून बसलो.
त्यांना जाऊन सांगितलं. ते अंघोळ करून, टोपी घालून जेवायला तयार बसले होते. "पुजेला लागला, आता मना चालायचा नाय. तू राग नको मानू." उलट माझीच समजूत घातली. चहा दिला.
परत येऊन एकटा जेवलो. दोन कोंबड्या, एक माणूस. चव बरी होती. कुणाला सांगू?

२ सप्टेंबर
गौरी-गणपती गेले. उरलेलं कालवण सकाळी, दुपारी, परत संध्याकाळी. मोजलं, मागे सहा. मीनावर रागावलो होतो सबंध दिवस. संध्याकाळी राग उतरला आणि त्याच्याखाली काही नव्हतं, नुसती भीती. ही पोर आता कधीच येणार नाही.

४ सप्टेंबर
दुपारी मोबाईल वाजला. मीनाचा मेसेज. पंधरा महिन्यांनी. एकच ओळ.
"आईऐवजी तुम्ही या. आठ दिवस. एक कमी नाही."
चष्मा पुसून परत वाचला.
आणि मी काय केलं? बोटाने टाईप केलं, "कोंबड्यांना कोण". तेवढं लिहून थांबलो. पुसलं.
आता खरंच अडचण आहे, हीच गंमत. दाणा, पाणी, तूस, दिवसातून चार वेळा. आठ दिवसांत निम्म्या कायमच्या बसतील. ह्या वेळी मी खोटं बोलत नाही, आणि आता ते ऐकायला कुणी तयार नाही. बरोबरच आहे.

५ सप्टेंबर, शुक्रवार
सकाळी यासीनभाईंच्या दारात गेलो. म्हटलं, "आठ दिवस माझ्या कोंबड्या बघाल का?"
"बगतो की. बसली येखादी तर हलाल करीन, पडून मरू नाय देनार. तू जा."
संपलं. वाक्य म्हणायला किती वेळ लागला? चहा निवायच्या आत झालं सगळं. तीन वर्षं ही एवढंच मागत होती.
दोन कापून घेतल्या. कालवण केलं, आणि पहिला डबा त्यांचा काढला. ओट्याशी उभे राहून दोघं जेवलो. "भाबीच्या हाताची नाय, पन हाय," म्हणाले. दुसरा डबा पेणचा. चार राहिल्या, खुराड्याची किल्ली त्यांच्याकडे.
पिशवीत आठ दिवसांचे कपडे मोजून भरले. हिचं लुगडं वर ठेवलं, धुतलंय, पण घडी मीनासारखी जमली नाही.
रोह्याच्या स्टँडवर बसून लिहितोय. पेण गाडी लागली आहे. मीनाला कळवलेलं नाही. काय लिहावं सुचेना. आत शिरल्यावर पहिलं काय बोलायचं तेही ठरत नाही. एक वाक्य काही झालं तरी बोलायचं नाही, एवढंच ठरलंय.
कंडक्टर पोरगी आहे, नवी. विचारते, "काका, किती?"
दोन म्हणणार होतो. एक म्हटलं.