अप्पांची चौतीस पानं

बारामती एस.टी. स्टँड,
दि. १८ फेब्रुवारी १९९७

प्रिय करुणाताई,

सप्रेम जयभीम. मी बरा आहे. अप्पांचा उजवा हात हलायला लागला का?

मी सोमेश्वरनगरला कारखान्याच्या काट्यावर पावत्या फाडतो. खोली ऊसतोडीवाल्यांच्या तळाला लागून आहे. परवा एक बैल दोरीवरचा माझा शर्ट चघळत उभा, आणि त्याची मालकीण म्हाळसा मलाच म्हणते, "वाळत घालायला दुसरी जागा गावली न्हाय व्हय तुला?" दिवसभरात माझ्याशी तेवढंच कुणी बोललं. भलतंच लिहीत बसलो.

इंदापूरहून न सांगता निघालो त्याला पंधरा दिवस झाले. तुझ्या टायपिंग क्लासचा कॉम्प्युटर चालू केला की काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ येते आणि पुढं काही नाही, तेच ना? ते विजेमुळं झालेलं नाही. हार्ड डिस्कचे दोन भाग करायला गेलो आणि ते फसलं. मला वेगळा डी ड्राइव्ह हवा होता, माझा स्वतःचा. त्यात ठेवायला माझ्याकडं काहीच नव्हतं.

तू बाहेरून विचारलंस, "अप्पांचं फ्लॉपीवर घेतलंस का?" मी म्हणालो, "व्हय, कवाच." घेतलं नव्हतं. फ्लॉपी शोधायचा कंटाळा केला.

अप्पा तीन महिने रोज संध्याकाळी सांगत होते आणि तू टाइप करत होतीस. दीक्षेला नागपूरला कसे गेले, कोण बरोबर होतं, सगळं. मी तेव्हा कधी मोरगावला, कधी कुणाच्या ट्रकवर. छापल्यावर वाचू म्हटलं. चौतीस पानांतलं मला एवढंच ठाऊक आहे की जाताना त्यांची एक वहाण हरवली. तेही तू जेवताना सांगितलंस म्हणून. झटका आल्यापासून अप्पांची वाचाच गेली. आता परत कोण सांगणार?

कारखान्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर संभाजी म्हणून एक जण आहे. त्याला मित्राची गोष्ट म्हणून विचारलं.

तो म्हणाला, "फॉरमॅट केलंय का कुणी?"

"न्हाय."

"मग मजकूर जाग्यावर असंल. बांध मोडलाय, माती कुठं जातीय? पण वरनं कुणी नांगर घातला तर मला बोलवू नगं."

"निघंल का?"

"बघितल्याबिगर कसं सांगू? आणि तुझा मित्र लई घाबरलाय वाटतं."

काल सर्जेरावांच्या दुकानात नाव न सांगता फोन केला, तुझा क्लास कधी चालू होणार विचारलं. ते म्हणाले, पुण्याचा इंजिनियर गुरुवारी येणार आहे. मग तुला बोलवायला गेले. तू आलीस, दोनदा हॅलो म्हणालीस. तो फोन माझाच होता.

इंजिनियर आला की आधी फॉरमॅट करंल, म्हणजे सगळं पुसून टाकंल. त्याला हात लावू देऊ नकोस. चालूसुद्धा करू नकोस. पोस्टानं उशीर होईल म्हणून हे इंदापूर गाडीच्या रावजी कंडक्टरकडं देतोय. ते म्हणाले, "पत्र कशाला, तूच बस की." नाही बसलो. उद्या संभाजीला घेऊन दुपारी येतो.

मला घरात घ्यायचं नसेल तर मशीन ओट्यावर ठेव. हाक न मारता उचलून नेऊ. काही निघालं तर तसंच आणून ठेवू, आणि नाही निघालं तर मी स्वतः अप्पांसमोर येऊन सांगेन.

तोवर हे पत्र त्यांना वाचून दाखव. गाळू नकोस काही. बोलता येत नसलं तरी त्यांना ऐकू येतं.

न सांगता गेलेला, तुझाच
बुद्धघोष