बाहेरच्या गुळावरची जकात

तारापूर वसाहत,
२ जानेवारी १९६८

ती. दादांस रखमाचा साष्टांग नमस्कार. वहिनींचा खोकला गेला का?

तुम्ही विकायला पाठवलेल्या गुळाच्या पाच लहान ढेपी पोचल्या. रेल्वेचे भाडे चार रुपये, बोईसर स्टेशनावरून बैलगाडीचा दीड, आणि दर ढेपीमागे एक रुपया देवाच्या डब्यात. हे शेवटचे वाचून तुम्ही कपाळाला हात लावाल, म्हणून खुलासा करते.

दिवाळीत ह्यांनी वर्तमानपत्र वाचून दाखवले की, युरोपातल्या सहा देशांनी मिळून एक बाजार केला आहे. येत्या जुलैपासून आपसात जकात नाही, बाहेरच्याला सर्वांची एकच. (इंग्लंडलाही आत शिरायचे आहे. शिरले तर आपल्या चहा-तागाचे काय, ही ह्यांना काळजी. घरातला चहा संपल्याची नाही.) मला ते पटले. आमच्या ओळीतल्या सहा बिऱ्हाडांनी तसेच ठरवले. राहीबाईंचे पापड आतले, आणि इंदुबाईंच्या हट्टाने त्यांच्या दिरांचे पालघरचे दुकानही आतले. बाकी सारे बाहेरचे. जकात देवाच्या डब्यात, म्हणजे कोणी चुकवणार नाही. ही अक्कल माझीच.

खप खरेच वाढला, राहीबाईंनी आणखी दोन पोळपाट घेतले. पण तुमचा गूळ बाहेरचा ठरला! दिरांचा गूळ काळा, खडे लागणारा, ढेपीमागे आठ आणे महाग. तुमच्यावर रुपया चढल्यावर तोच स्वस्त. मी म्हटले, अहो, माझा सख्खा भाऊ! इंदुबाई म्हणाल्या, "भाऊ तुमचा, ढेप बाहेरची. नियम कोणी लिहिला?" तुमच्या पाचांतल्या चार ढेपी पडून आहेत, आणि संक्रांतीच्या भरवशावर तुम्ही आणखी बारा राखून ठेवल्यात, हे आठवले की घास उतरत नाही.

एडवणची हिरा सुके बोंबील विकायला येते, तिलाही जकात बसली. "आमी परके कदी झालो गो बाय?" एवढेच म्हणाली. पुढच्याच आठवड्यात तिने राहीबाईंची मागची पडवी भाड्याने घेतली, दोऱ्या बांधल्या, बोंबील टांगले. "आता मी आतली हाय. माग जकात!" नियमात बसते. वारा मात्र सरळ माझ्या देवघरात येतो. (डब्यातली जकात सारी उदबत्तीत जाते.)

तरी नियम तो नियम. भावासाठी मी तो वाकवणार नाही.

तुमची धाकटी बहीण,
रखमा

ता. क. बारा ढेपी पाठवा, पण हिराच्या नावे, राहीबाईंच्या पडवीच्या पत्त्यावर. तिथे उतरलेला माल आतला. मी तिच्याशी बोलले आहे. एक ढेप तिची. उशीर झाला तरी तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो.

आणखी एक. गोणपाट दुहेरी लावा. त्यातलाच गूळ नैवेद्याला लागेल. गोणपाटातून बोंबलाचा वास आत जातो का, वहिनींना विचारून उलट टपाली कळवा.