व्हिसावर आंबेगाव नव्हते

अल्लाहच्या नावाने, मागे राहणाऱ्यांच्या माहितीसाठी लिहून ठेवतो ते असे:

मी, मोहिद्दीन हुसेन आतार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा पूर्वी शिक्षकी, आता पेन्शन आणि कुरकुर, राहणार जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. तो मुद्दाम घेतला, कारण माझी सून शेजारपाजारी सांगते की अब्बांना मेलेली बहीण दिसते. दिसते, हे खरे आहे. माझी धाकटी बहीण रुकय्या कारगिलच्या लढाईच्या साली कराचीत वारली, आणि तेव्हापासून ती दुपारच्या नमाजानंतर मागच्या ओट्यावर येऊन बसते. डॉक्टरांपासून मी हे लपवले नाही. त्यांनी नाडी पाहिली, साल विचारले, पंतप्रधान विचारले, मग विचारले, "काही त्रास देतात का?" मी म्हणालो, नाही, नुसती बसते. त्यांनी दाखला लिहून दिला.

कलम १. यापूर्वी रागाच्या भरात मी जी दोन मृत्युपत्रे केली ती रद्द समजावीत. मिळकतीचे दोन तृतीयांश शरियतप्रमाणे वारसांना जावेत. मुलगा मुनीर याला दोन वाटे, मुलगी जुबेदा, राहणार मंचर, हिला एक. ही वाटणी मी ठरवलेली नाही, तेव्हा त्यावरून माझ्या कबरीशी येऊन भांडू नये. उरलेल्या तृतीयांशावर माझी मर्जी चालते. पुढची कलमे त्यातली आहेत.

कलम २. पुस्तके बांधायचे माझे सामान, म्हणजे दाबणी, दाभण, सरसाचे भांडे आणि कापडाचे तुकडे, माझा मित्र हौशीराम असवले याची सून समृद्धी हिला द्यावे. मुनीरला त्यातले काही हवे असेल असे वाटत नाही. त्याने लहानपणी त्या दाभणाने गाढवाचे पोट टोचले होते, तेवढाच त्याचा आणि दाभणाचा संबंध.

कलम ३. माझी पुस्तके आणि व्याख्यानांची बाडे वाचनालयाला द्यावीत. आयुष्यभर मला एकाच विषयाचे वेड लागले, त्याचे नाव सियर. एका राज्याने दुसऱ्या राज्याशी कसे वागावे याचे हे इस्लामी शास्त्र आहे: तह कसा करावा आणि कसा पाळावा, दूताला हात का लावू नये, लढाईत म्हातारे, बायका, पोरे आणि मठातले साधू यांना का मारू नये, परक्या मुलखात परवानगीने गेलेल्या माणसाने तिथे कसे राहावे. हजार-बाराशे वर्षांपूर्वी विद्वानांनी यावर मोठमोठे ग्रंथ लिहिले. मुनीर म्हणतो, जुन्नरच्या माणसाला याचा काय उपयोग, आपल्याला कुठल्या बादशहाशी तह करायचाय?

मुंबईत दंगली झाल्या त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी याच विषयावर वाचनालयात बोललो. समोर वाचनालयाचे अध्यक्ष गेणभाऊ बसले होते. मध्येच उठून म्हणाले, "मास्तर, तुमच्यात म्हणं जगाचं दोनच वाटं असत्यात. येक तुमचा, आन दुसरा लढाईचा. मग आमी कुटं बसायचं, त्ये सांगा." मी सांगायला लागलो की तिसराही वाटा आहे, दारुल-अहद, कराराचे घर. जिथे माणसे एकमेकांना दिलेल्या शब्दावर राहतात तो मुलूख. तिथे शब्द मोडणे म्हणजे गद्दारी, आणि गद्दारी शत्रूशी केली तरी हरामच. एवढ्यात चहा आला आणि गेणभाऊ निघून गेले. पुढच्याच आठवड्यात बाहेरगावचे एक तरुण मौलाना आले आणि त्यांनीही मला ठणकावले की वाटे दोनच आहेत, तिसरा तुम्ही शाळेत शिकवून शिकवून काढलात. या दोघांची कधी गाठ पडली असती तर छान जमले असते. मौलानांचा पत्ता माझ्याजवळ नाही. गेणभाऊंना मात्र त्या व्याख्यानाचा उरलेला अर्धा भाग मी या मृत्युपत्राने देत आहे. तो त्यांच्या घरी जाऊन, दाराला आतून कडी लावून, वाचून दाखवावा. पालथ्या घड्यावर पाणी आहे हे मला माहीत आहे, तरी वाचावा.

कलम ४. घराबाबत एक खुलासा. हे घर वडिलांचे, आणि त्यात रुकय्याचाही वाटा होता. ती लग्न होऊन कराचीला गेली तेव्हा तिला नीट चूलही पेटवता येत नव्हती. आमची आई पासष्ट साली आंबेगावला माहेरी असताना वारली, तो लढाईचा महिना होता, रुकय्याला येता आले नाही. आईला तिथेच, नदीकाठच्या कबरस्तानात पुरले. त्यानंतर रुकय्या आली ती थेट चौऱ्याण्णवच्या थंडीत, डोईचे केस पांढरे करून. आल्या दिवशी ओट्यावर बसून म्हणाली, "भाई, तितं माज्याशी मराठी बोलाय कुणी न्हाई. आता मी बोलणार, तू नुसतं आईक." आणि खरोखर बोलत राहिली. मी वडिलांच्या घरातल्या तिच्या वाट्याचा विषय काढला तर हात झटकून म्हणाली, "घर नको मला. आईपाशी येकदा नेऊन सोड, सांजच्याला परत आण. धरणाचं पाणी चडतंय म्हणत्यात, पुडच्या साली कबर दिसायची न्हाई."

तिच्या व्हिसावर दोनच गावे होती, मुंबई आणि जुन्नर. आंबेगाव नव्हते. पाकिस्तानच्या माणसाला गावागावाची परवानगी घ्यावी लागते आणि आल्याची-गेल्याची वर्दी पोलिसांत द्यावी लागते. मी रीतसर अर्ज केला, तो फिरत राहिला. हौशीराम तेव्हा डिंभ्याच्या धरणाच्या बाजूला जीप चालवायचा. त्याचे स्वतःचे घरही त्या पाण्यात जात होते. तो म्हणाला, "मास्तर, बाईंना माज्या गाडीत बशीवतो. दीड-दोन तासांची वाट. आईच्या कबरीला कसला आलाय व्हिसा?" मुनीर तर चपला घालून तयार होता.

मी नाही म्हणालो. का, ते नीट लिहितो, कारण मुनीर बारा वर्षे मला भित्रा समजत आला आहे. सियरमध्ये अमान म्हणून एक गोष्ट आहे. परक्या राज्यात शिरणाऱ्याला दिलेला अभयाचा शब्द, म्हणजे आजचा व्हिसाच. ज्याने अमान घेतली त्याने तिच्या अटी पाळायच्या, कोणी पाहत असो वा नसो. मी गावभर सांगत फिरत होतो की मुसलमान दिलेला शब्द मोडत नाही. आणि माझ्याच घरची पाहुणी, पाकिस्तानची, परवानगी नसलेल्या गावात सापडली असती तर? भीती होती, नव्हती म्हणणार नाही. पण भीती नसती तरी मी नाहीच म्हणालो असतो, आणि आज तो दिवस परत आला तर आजही नाहीच म्हणेन. कायदा सोयीचा असतानाच पाळायचा असेल तर तो कायदा कसला.

रुकय्या रडली तेव्हा मी तिला मक्केवाल्यांशी झालेल्या हुदैबियाच्या तहाची गोष्ट सांगितली. मक्केहून पळून येणाऱ्याला परत पाठवायचे, अशी त्या तहात अट होती. तहाची बोलणी चालू असतानाच अबू जंदल नावाचा तरुण पायांतल्या बेड्या ओढत मुसलमानांच्या तळावर येऊन पडला आणि म्हणाला, मला परत पाठवू नका. पैगंबरसाहेबांनी, त्यांच्यावर सलाम असो, शब्द दिला होता. अबू जंदलला परत जावे लागले. रुकय्याने ऐकून घेतले, डोळे पुसले आणि म्हणाली, "त्याला धीर धर म्हणून सांगितलं व्हतं, भाई. अल्ला वाट काडील म्हणून सांगितलं व्हतं. तू मला नुसती अट सांगितलीस."

तिच्या परतीच्या तारखेला मी तिला स्वतः मुंबईपर्यंत पोचवले. पुढच्या पावसात आंबेगाव बुडाले. या प्रकरणी घरात माझ्याविरुद्ध जे बोलले गेले ते मी ऐकले आहे. जुबेदाने माझ्या तोंडावर बोलावे, मंचरहून निरोप धाडू नयेत.

कलम ५. ओट्याबाबत. मुनीरला तो पाडून तिथे न्हाणीघर काढायचे आहे. आतापर्यंत मी काढू दिले नाही, कारण तिथे रुकय्या बसते. ती बोलत नाही. आली होती तेव्हा तोंड थांबत नव्हते, आता एक शब्द नाही. अंगावर तेव्हाचीच निळी शाल असते. मांडीवर पिशवी घेतलेली असते, बंद तोंडाची, निघायच्या तयारीतल्या माणसाची असते तशी. मी तिला पेपर वाचून दाखवतो. बसगाडी सुरू झाली, बसगाडी बंद झाली, क्रिकेटची टीम आली, बोलणी फिसकटली, दोन्ही सरकारांचे जे काही चालते ते सगळे सांगतो. ती रस्त्याकडे पाहत राहते. पुष्कळ दिवस मला वाटे की ती मला दोष द्यायला येते. तसे असते तर बरे झाले असते, मी वाद तरी घातला असता.

दुष्काळाच्या साली उन्हाळ्यात धरण तळाला गेले आणि हौशीराम सांगत आला की कबरस्तान उघडे पडले आहे. मी त्याच्या जीपमध्ये बसलो. रुकय्या उठली आणि पिशवी घेऊन गाडीच्या मागे चालू लागली. आरशात मला स्पष्ट दिसत होती. गाडी सावकाश घे, असे मी हौशीरामला म्हणालो. घोडेगावच्या रस्त्याला जुना जकात नाका आहे, शहराची हद्द तिथे संपते. तिथे ती थांबली. पाय जोडून, हद्दीच्या अलीकडे, शाळेतल्या मुलीसारखी उभी राहिली. मी गाडी थांबवायला लावली, खाली उतरलो, ये म्हणालो. तिने नाही म्हणून मान हलवली.

तेव्हा मला कळले. ती दोष द्यायला येत नव्हती. तिच्या व्हिसावर जुन्नर आहे आणि आंबेगाव नाही, म्हणून ती जुन्नरात आहे. मेल्यावर आईपाशी जायला निघाली असेल, ती इथवर आली आणि इथे अडली. माझीच बहीण, मीच शिकवलेली, परवानगीशिवाय पाऊल टाकायची नाही. त्या दिवशी आईची कबर मी एकट्याने पाहिली. वाळलेला गाळ होता, तो हाताने बाजूला केला. मेलेल्यांसाठी म्हणतात तो फातिहा मी तिथे बसून म्हटला.

कलम ६. हे कलम सर्वांत महत्त्वाचे. सियरच्या ग्रंथांत एक जुना नियम आहे: अमान फक्त बादशहानेच द्यावी असे नाही. सर्वसामान्य एकटा माणूसही ती देऊ शकतो, बाई देऊ शकते, आणि एकाने दिली की ती सगळ्यांवर बंधनकारक. हा नियम मी शेकडो वेळा शिकवला आणि स्वतःच्या घराला कधी लावून पाहिला नाही. हिंदुस्थान सरकारचा कायदा मी मोडत नाही. त्यांच्या कायद्यात मेलेल्या माणसांची तरतूद नाही, ती जागा मोकळी आहे, आणि त्या मोकळ्या जागेत मी लिहितो:

मी, मोहिद्दीन हुसेन आतार, रुकय्या हिला <s>माझ्या मृत्यूनंतर</s> आज जुन्नरहून आंबेगावास जाण्यासाठी अमान देत आहे. तिने कुठेही वर्दी देण्याची गरज नाही. तिला वाटेत कोणी अडवू नये. मुनीर आणि हौशीराम यांनी जकात नाक्यावर गाडी थांबवून हे कलम मोठ्याने वाचावे, मागचे दार उघडावे आणि ती बसेपर्यंत थांबावे.

हे लिहीत असताना साक्षीदार हौशीराम समोर बसला होता. मी त्याला वाचून दाखवले. ऐकून तो तंबाखू मळता मळता म्हणाला, "मास्तर, कागुद लई झ्याक झाला. पन तुमी मरायची वाट तिनं का म्हून बगायची?" मी त्याला खरे ते सांगितले. ती गेली की दुपारी माझ्याजवळ बसायला कोणी उरणार नाही. मुनीर बोलत नाही, पोरांना वेळ नाही, आणि तिला तरी मी वाचून दाखवतो.  हौशीराम उठून गाडीत हवा आहे का ते पाहायला बाहेर गेला.

कलम ७. ओटा मुनीरने पाडला तरी माझी हरकत नाही.

वरील मजकूर मी वाचला, साक्षीदारांना वाचून दाखवला, तो माझ्या मनासारखा आहे.

स्थळ: जुन्नर. तारीख: ९ मे २००६.
(सही) मोहिद्दीन हुसेन आतार

साक्षीदार:
१. हौशीराम धर्माजी असवले (सही)
२. डॉ. सुदर्शन औटी, दाखला देणारे (सही)

खोडाखोडीबद्दल: कलम ६ मधील "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द खोडून "आज" असे केले आहे. खोडाखोड माझ्या हातची असून मला मान्य आहे. साक्षीदार क्रमांक २ यांची या दुरुस्तीवर सही परत गेल्यावर घ्यायची आहे. नाक्यावर कलम मीच वाचले. दार मुनीरने उघडले, मी त्याला सांगितले नव्हते. हौशीरामने विचारले, "बसल्या का बाई?" मी म्हणालो, बसली. तिला आईपाशी सोडून आम्ही तिघे आता परत निघत आहोत. तिला परतीची तारीख सांगितलेली नाही.

स्थळ: आंबेगाव, जुन्या गावाचा पाणकाठ. तारीख: वरीलप्रमाणे.
(सही) मोहिद्दीन हुसेन आतार
(साक्ष) हौशीराम धर्माजी असवले