रीडेलच्या नावातलं पहिलं अक्षर

विस्कॉन्सिन,
मंगळवार, १४ मे १९१८

प्रिय येन्स,

अकरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहिते आहे ती तू तुरुंगात असताना. तिथली पत्रं शेरीफ फोडतो, म्हणून हे तुझ्या बहिणीच्या हाती देते आहे. सिग्रिड मला दारात उभी करणार नाही हे ठाऊक आहे, पण तिने हे घेतलंच पाहिजे.

रीडेलच्या छपाईच्या लाकडी अक्षरांच्या कारखान्यात खिडकीखालच्या बाकावर तू ती अक्षरं काढलीस, ते आठवतं? उभ्या रेघा माझ्या मनगटाएवढ्या जाड, आडव्या केसासारख्या, आणि प्रत्येक टोकाला ती पातळ पट्टी, जिच्यावर अक्षर पाय रोवून उभं राहतं. "लाकडात ही पट्टी टिकायची नाही रे, गाढवा!" म्हातारा कोनराड रीडेल ओरडायचा. तू मेपलचा बुंधा आडवा कापून ती टिकवून दाखवलीस. सर्कशीच्या जाहिरातीत हत्तीच्या आधी तुझी अक्षरं दिसायची. आणि म्हाताऱ्याने काय केलं? कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे 'ए'च्या बगलेवर शिक्का मारला, तो स्वतःच्या नावाचा. नमुन्यांच्या पुस्तकातही 'रीडेल जाड' असंच छापलं. तू सगळ्या कामगारांदेखत त्याच्या थोबाडीत मारलीस आणि गाव सोडलंस. त्या अक्षरांचे दोनच संच झाले होते. एक तू नेलास, एक माझ्या छापखान्यात राहिला. मला मात्र नेलं नाहीस, आणि त्याचंही खापर मी म्हाताऱ्यावरच फोडलं.

गेल्या शुक्रवारी देशभक्त समितीचा लायमन पर्सेल यादी घेऊन आला. कैसरचे हस्तक म्हणून सात जर्मन नावं होती, त्यात कोनराड पाचवा. "छापून दे, हेडविग. नाहीतर आठवं नाव कुणाचं घालायचं ते आम्हाला चांगलं कळतं." मी घाबरले हे खरं. पण नुसत्या भीतीने मी सातही नावं एकाच मापात जुळवली असती. मी सहा नावं तळाशी शिशाच्या बारीक छपाई-खिळ्यांत बसवली आणि रीडेलचं नाव तुझ्या अक्षरांत, सगळ्यात मोठ्या मापात, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिला कागद यंत्रावरून उचलला तेव्हा मी हसले.

रविवारी चर्च सुटलं आणि भिंतीवरचे ते कागद वाचून जमाव निघाला. बाकीच्या सहा घरांकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही. म्हाताऱ्याला गळ्यात दोर घालून, जेवता जेवता ओढून काढलं. लायमनने त्याचा उजवा हात कारखान्यातून रस्त्यात आणलेल्या त्याच्याच बाकावर दाबला आणि लाकडी हातोड्याने एकेक बोट फोडलं. मग डोक्यावर उकळतं डांबर ओतलं. तो किंचाळला तो आवाज माणसाचा नव्हता. शेजारच्या बायका "अजून ओता!" म्हणत होत्या. मी रस्त्यापलीकडे उभी होते. हातोड्याच्या पहिल्या घावाला मला बरं वाटलं, येन्स. दुसऱ्या घावाला मी ओकले.

ते कागद छापून जमाव भडकवल्याबद्दल तुला पकडल्याचं काल कळलं आणि मी कोनराडकडे गेले. शेरीफ त्याला तिसऱ्यांदा विचारत होता, "हे येन्सनेच छापलंय ना? अक्षरं त्याचीच आहेत ना?" म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. शेरीफ गेल्यावर त्याने पांघरुणावरचा तो कागद ओढला आणि डावा अंगठा पहिल्या अक्षरावर ठेवला. तिथे एक पांढरी रेघ आहे. माझ्या हातून पडून ते 'आर' तडकलं होतं, तेव्हा त्यानेच पितळेची पिन ठोकून जोडून दिलं होतं. "पोरी," तो म्हणाला, "पिन अजून धरून आहे ना?" आज सकाळी तो गेला.

दुपारी लायमन आला होता. "तो संच चुलीत घाल. येन्स आत बसलाय तेच बरं. त्याने तेव्हा म्हाताऱ्याच्या थोबाडीत मारलेली सगळ्यांनी बघितलीय." मी त्याच्यादेखत एकेक अक्षर जाळलं. ते 'आर' तेवढं माझ्या एप्रनच्या खिशात होतं. तेच या पत्राबरोबर सिग्रिडला देते आहे. तुझ्या वकिलाला म्हणावं, न्यायाधीशासमोर त्याला शाई लावून कोऱ्या कागदावर दाब. भिंतीवरच्या प्रत्येक कागदावर आहे तीच रेघ उमटेल. तुझ्या संचातलं 'आर' अखंड आहे, तेही शेजारी दाबून दाखव. शेरीफ लायमनचा मेहुणा, म्हणून मी त्याच्याकडे न जाता थेट न्यायाधीशाकडे चालले आहे. लायमनची माणसं कोपऱ्यावर उभी आहेत. मी पोचले नाही, तरी तू सुटशील.

हा शब्द लिहायचा हक्क उरला नसला तरी, तुझीच,
हेडविग