मामीच्या विंडोजमधली वीस जीबी

चि. बबडीस,

मामाचे पोटभर आशीर्वाद. खोकला गेला का? नवी नोकरी बारा दिवसांवर आली, तोवर ठणठणीत हो. इथे आम्ही दोघं मजेत. घरातलं तिसरं माणूस, म्हणजे तू लावून दिलेला कॉम्प्युटर, त्याची हकीकत मात्र सांगायला हवी.

तू एकाच डिस्कवर दोन संसार थाटून दिलेस: विंडोज मामीला, लिनक्स मला. पण वाटणीत मामीला अख्खा बंगला आणि मला माळा! (सख्खी भाची माझी, हे विसरलीस.) खिडकीत येणाऱ्या चिमण्यांचे माझे नऊशे फोटो त्यात मावेनात. मामीकडे कपडे बेतायचे चार आराखडे, बाकी सगळं मोकळं. म्हणून ती बाजारात गेल्यावर तिच्या वाट्यातली वीस जीबी कापून माझ्याकडे घ्यायला बसलो.

आता मामीची खोड तुला ठाऊक आहे. ती विंडोज कधी बंद करत नाही, नुसतं झोपवते, म्हणजे उठवलं की काम जिथल्या तिथे. माझा प्रोग्रॅम बजावत होता, की आधी विंडोज उठवून नीट बंद करा. पण मी जन्मात कोणाचं ऐकलंय? (तुझ्या आईला विचार.) झोपताना विंडोज अर्धवट काम ज्या फाईलमध्ये ठेवतं, ती झोपेची फाईलच उडवली आणि मधली भिंत सरकवली. सुरेख सरकली. मग विंडोज उघडून बघतो तर मामीचं उघडं काम गायब, पडदा कोरा! तुझ्या नोकरीसाठीच्या कोटाचा आराखडा त्या झोपेतच होता, तीन आठवडे खपून काढलेला, आणि मामीने तो एकदाही सेव्ह केलेला नव्हता. दोन दिवस प्लग काढून ‘बिघडलाय’ म्हणून सांगतोय.

तुझा,
मामा

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की तुझी मापं गुपचूप कळव. खांदे, बाही, उंची. आराखडा मीच काढीन. (सुईत दोरा ओवता येत नाही, ते पुढचं पुढे.) मामीला अवाक्षर कळता कामा नये.

ता. क. २ (हे मामीचं अक्षर.) पाकीट नेहमी मीच चिकटवते, हे विसरले वाटतं. बबडे, आराखडा मी कागदावर केव्हाच उतरवलाय, कोट बेतूनही झाला. रविवारी येऊन अंगावर घालून बघ. ह्यांना एवढ्यात सांगू नकोस, दोन दिवस मी न सांगताच भांडी घासताहेत. प्लग लावून मी ते चिमण्यांचे फोटो बघितले. निम्म्यांत चिमणी नाहीच, खिडकीशी शिवत बसलेली मी आहे. वीस जीबी राहू देत त्यांच्याकडे.